डबा घेऊन इंदूच्या दारात

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते डब्यावर पाणी मारायचं. बायको हौसा बाहेर पाइप धरून उभी, मी आत बसलेलो. टपाचे सगळे जोड उकलून, मसाला भरून मी नवीन रिव्हेट मारले होते. ते गळतात का हे आतनंच कळतं. म्हणून एकानं आत बसायचं आणि दुसऱ्यानं बाहेरनं पाणी सोडायचं.

मी आतनं ओरडायचो, ‘‘पुढं घे!’’ ती पुढं घ्यायची. ‘‘जरा थांब तितंच!’’ की थांबायची. एक थेंब आत आला नाही. तरी बाई पाणी मारायची थांबंना. मी म्हटलं, ‘‘आगं बास की. पंचगंगा आणलीस काय दारात?’’ तर तिनं खिडकीतनं पाइप आत घातला आणि मला नखशिखान्त भिजवलं. ‘‘तुमची म्हस बाहेरनं धुतली,’’ म्हणाली, ‘‘आता आतला रेडा धुते.’’ मी शिव्या दिल्या. ती पायरीवर बसून हसत राहिली.

रात्री मेथीची भाजी आणि भाकरी खाल्ली. सकाळी ती उठली नाही.

हे सांगितल्याबिगर पुढचं सांगता येत नाही म्हणून आधी सांगितलं. आता प्रवासाचं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, गल्लीत, चहाच्या गाड्यावर, जो भेटंल तो विचारतो, ‘‘मिस्त्री, डबा घेऊन कुठं गेलता?’’ प्रत्येकाला सांगून तोंड दुखलं. म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे. शुद्धलेखन ज्याला येतं त्यानं बघावं.

डबा म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला जेवणाचा वाटंल. जीपच्या मागं जोडून न्यायची चाकावरची खोली. इंग्रज लोक त्याला कॅरव्हॅन म्हणतात. आत दोन माणसांचा पलंग, ओटा, कपाट, खिडक्या, सगळं. बाहेरनं अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आकार गोल, कोंबडीच्या अंड्यासारखा. शिरोली एमआयडीसीत एक कारखाना बंद पडला, त्याच्या मागच्या आवारात तो गवतात बसला होता. मशिनी बसवायला पूर्वी कोण गोरा इंजिनिअर आलेला, तो त्यात राहायचा म्हणे. तो गेला, डबा राहिला. मी बघितला तेव्हा आत कोंबड्या राहत होत्या. भंगारवाला पत्रा कापून न्यायला आलता. मी म्हटलं, कापू नको, आख्खा मला दे.

आयुष्यभर मी ट्रकच्या बॉड्या बांधल्या आणि ऊस वाहायच्या ट्रॉल्या बांधल्या. हात थरथरायला लागला तसं दुकान बंद केलं. मूलबाळ आम्हाला नाही. घरात दोघंच, एकमेकाच्या तोंडाकडं बघत किती बसणार? डबा दारात आणला तेव्हा हौसा म्हणाली, ‘‘ह्या खुराड्याचं काय करणार?’’ मी म्हटलं, ‘‘तुला फिरवणार.’’ ती म्हणाली, ‘‘मग आधी कोंबडीची घाण कोण काढणार?’’ आणि पदर खोचून तीच लागली.

चार पावसाळे आम्ही त्याच्यावर काम केलं. सांगाडा लाकडाचा होता, तो कुजलेला. मी तो काढून लोखंडी अँगल घातला. खालची जमीन मी बसवली, पण गाद्या, रेग्झिन, पडदे सगळं तिनं शिलाई मशिनवर केलं. पत्र्यावर पांढरा थर चढलेला. मी म्हटलं आता रंगच मारावा लागणार. तिनं चिंच आणि रांगोळीची पूड घेतली आणि पितळेची घागर घासावी तसा आख्खा डबा घासला. दुपारी त्याच्याकडं बघवत नव्हतं, इतका चमकायचा. गल्लीतल्या बाया बांगड्या सारख्या करायला त्यात तोंड बघायच्या.

ठरलं होतं ते हे, की डबा घेऊन आधी इंदूकडं जायचं. इंदू म्हणजे हौसाची धाकटी बहीण. दोघींचं माहेर मलकापूरकडलं. आई-बाप, भाऊ कुणी राहिलं नाही, घरही राहिलं नाही. इंदू दिली ती घाटाखाली, रत्नागिरीच्या अलीकडं खाडीकाठच्या एका गावात. तीही आता विधवा. दिवाळीत तिला हार्टचा झटका आला तेव्हापासनं हौसाचं एकच, ‘‘डबा कवा हुतोय? इंदूला बघायचंय.’’ मी म्हणायचो, यष्टीनं जा की. तर म्हणायची, ‘‘न्हाई. माझं घर घिऊन तिच्या दारात जाणार.’’

आणि पौषात ही गेली. इंदूचा मुलगा सुरेश तिसऱ्या दिवशी आला. रडला, आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘‘काका, आईला यातलं काही सांगू नका. डॉक्टर म्हणतात धक्का सोसायचा नाही. जरा बरी झाली की सांगू.’’ मी हो म्हटलं. सगळेच हो म्हणाले. आमच्याकडं असंच करतात, आजारी माणसाला मेलेल्याचं सांगत नाहीत.

पण इंदू काही कुक्कुलं बाळ नाही. आक्का फोनवर का येत नाही म्हणून ती रोज विचारायला लागली. सुरेश तरी किती दिवस तेच सांगणार? शेवटी त्याचा फोन आला. ‘‘काका, तुम्हीच येऊन सांगा. तुमच्या तोंडून ऐकलेलं बरं.’’

दहाव्याला मी डोकं आणि मिशी उतरवलेली. केस आणि मिशी परत भरेपर्यंत थांबलो, म्हणजे लांबनं बघूनच तिला कळायला नको. मग दस्तगीरला म्हटलं, जीप काढ.

मलकापूरपर्यंत

दस्तगीर माझ्याच वयाचा. एसटीत ड्रायव्हर होता. आता स्वतःची जुनी जीप आहे, लग्नाची भाडी मारतो. तोंड दिवसभर चालू असतं. निघताना डब्याच्या हुकाला मी नारळ फोडला, त्यानं चाकाखाली लिंबू ठेवलं. म्हणाला, ‘‘मिस्त्री, ही टोचन करून न्यायची वस्तू. जीप माझी, डबा तुमचा. लिंबू दोघांचं.’’

पन्हाळ्याचा डोंगर मागं पडला तसा त्यानं विषय काढला. ‘‘सांगणार कसं?’’

मी म्हटलं, ‘‘सांगायचं कसं म्हणजे? जे झालं ते.’’

‘‘आपण आधी करून बघू. मी इंदूबाई.’’ त्यानं गळ्यातला रुमाल डोक्यावर घेतला. दाढीवाली इंदूबाई. ‘‘या दाजी, बसा. आक्का कुठाय?’’

‘‘मेली.’’

दस्तगीरनं रुमाल खाली काढला. ‘‘अस्सं सांगत्यात व्हय? कसाई बरा की तुमच्यापेक्षा.’’

‘‘मग कसं सांगत्यात?’’

‘‘आधी पाणी मागायचं. मग म्हणायचं, माणसाच्या हातात काय असतंय. अशी हळूहळू गाडी आणायची.’’

बांबवड्यापर्यंत त्यानं मला हळूहळू गाडी आणायला शिकवलं. माझी गाडी काही हळू येईना. आयुष्यभर मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगत आलो की तुझी चेसिस वाकडी आहे, तू फसलायस. फिरवून बोलायची सवयच नाही.

मलकापुरात बाजाराचा दिवस होता. जागा बघून लिंबाच्या झाडाखाली डबा लावला आणि दस्तगीर चहा बघायला गेला. लगेच गर्दी. एक जण म्हणतो, ‘‘पावणं, सर्कस हाय काय?’’ दुसरा म्हणतो, ‘‘इलेक्शनची गाडी आसंल.’’ मी दार उघडून आतनं पाण्याची बादली काढतोय, तेवढ्यात एक म्हातारी वर चढली. चपला पायरीवर काढल्या, सरळ जाऊन गादीवर बसली आणि तोंड वर करून म्हणाली, ‘‘बघा.’’

‘‘काय बघू?’’

‘‘डोळं. उजव्यानं जरा धुरकट दिसतंय.’’

तिला वाटलं डोळे तपासायची गाडी आली. मी सांगितलं तसं नाही म्हणून. तरी ती उठंना. गादीवरनं हात फिरवला, पडद्याची शिवण दोन बोटांत धरून डोळ्याजवळ नेली. उजवा डोळा धुरकट, पण शिवण बरोबर दिसली. म्हणाली, ‘‘दुहेरी टीप हाय. ह्ये बाईचं काम. बाई कुठाय?’’

‘‘वारली. पौषात.’’

‘‘आगाई,’’ म्हणाली. मग माझ्या गुडघ्यावर हात दाबून उठली आणि चपला घालून बाजारात गेली.

बघा, त्या म्हातारीला मला काही अडचण न येता सांगता आलं. चहावाल्याला सांगितलं, पेट्रोल पंपावर सांगितलं. जिला सांगायला निघालो होतो तिचं नाव आलं की मी दुसरंच बोलायला लागायचो.

बाजारात हौसा लहानपणी बापाबरोबर यायची. कोंबड्या विकायला. चार आण्याची जिलेबी मिळाली की ती अर्धी इंदूसाठी ओच्यात बांधून न्यायची, म्हणून परकर नेहमी चिकट. हे तिनं मला पन्नास वेळा सांगितलं असंल. मी जिलेबी घेतली, पुडा जीपमध्ये ठेवला. दस्तगीरनं संध्याकाळपर्यंत निम्मी खाल्ली.

मुक्काम तिथंच झाला. डब्यात दोन माणसांचा पलंग आहे, नवी गादी आहे. दस्तगीर बाहेर जमिनीवर चटई टाकून झोपला आणि मी जीपच्या पुढच्या सीटवर. आत झोपा असं तो मला म्हणाला नाही, मीही त्याला म्हणालो नाही.

आंबा घाट

आता इथं माझी अक्कल निघाली ते सांगतो. आंब्यापर्यंत चढ बेताचा. जीप कण्हत होती, पण ओढत होती. दस्तगीर म्हणत होता, ‘‘मिस्त्री, जड लागतंय.’’ मी म्हणत होतो, ‘‘तुझं इंजिन म्हातारं झालंय.’’ खिंडीत पोहोचलो. खाली बघितलं तर कोकण धुक्यात बसलेलं, झाडं इतकी दाट की जमीन दिसंना. आमच्याकडं डोंगर उघडा असतो, त्याची हाडं दिसतात. इकडं सगळं झाकलेलं. गार वारं होतं. हौसाला तिथं थांबून भाकरी खायची होती. मी आणि दस्तगीरनं झुणका-भाकरी घेतली, उभ्यानंच खाल्ली आणि निघालो.

पहिल्याच वळणावर डब्यानं जीपला मागनं ढकललं. दस्तगीरनं ब्रेक दाबला, जीप थांबली नाही, पुढं सरकत गेली. दुसऱ्या वळणाला जळका वास यायला लागला. त्यानं कशीबशी डोंगराच्या बाजूला दाबली आणि मी उडी मारून चाकाखाली धोंडा टाकला.

दस्तगीर घामानं भिजला होता. खाली उतरला, वाकून डब्याचं पोट बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. ‘‘मिस्त्री, आत काय घातलंय?’’

‘‘अँगल.’’

‘‘केवढा?’’

मी सांगितलं. उसाच्या ट्रॉलीला घालतो तेवढा. त्या गोऱ्या लोकांनी डबा हलका केला होता, बारकं लाकूड आणि पातळ पत्रा, जीपच्या मागं पळावा म्हणून. मी तो कुजका सांगाडा काढला आणि दहा टन उसाला टिकंल असा लोखंडी घातला. कपाट सागवानी केलं. मला दुसरं बांधताच येत नाही. मजबूत म्हणजे जड, एवढंच मला ठाऊक. दोन म्हाताऱ्यांनी झोपायच्या खोलीला मी कारखान्याची ट्रॉली करून ठेवलेली.

दस्तगीर म्हणाला, ‘‘कपाट काढून हितंच ठेवू. गाद्या, ओटा, सगळं उतरवू. परतताना नेऊ.’’

मी म्हटलं, ‘‘त्यातलं काय बी उतरणार न्हाई.’’

‘‘मग काय मरायचं?’’

‘‘तू जा खाली जीप घिऊन. मी हितं बसतो.’’

तो चिडला. ‘‘आन् इंदूबाईला काय सांगू? आक्का गेली आन् दाजी घाटात ऱ्हायलं?’’ आणि दरीकडं तोंड करून बिडी ओढत बसला. मी धोंड्यावर बसलो. माकडं आली, बघून गेली. मला खरं सांगायचं तर तिथं बसायला बरं वाटत होतं. खाली उतरलं नाही तर सांगायला लागणार नाही.

पण तसं कोण बसू देतंय. वरनं एक ट्रक आला, कोल्हापूर पासिंग, गुळाचे रवे म्हणजे ढेपा भरलेला. बाजूचा फाळका बघितल्याबरोबर मी ओळखला, माझीच बॉडी. ड्रायव्हरनंही मला ओळखलं. ब्रेकचं सगळं ऐकून घेतलं, डब्याला एक चक्कर मारली, अँगलवर बुक्की मारली आणि हसला. ‘‘मिस्त्री, गावाला निघालाय का कारखान्याला?’’

त्यानंच तोड काढली. ट्रक मागं घेतला, डब्याच्या मागच्या अँगलला साखळी बांधली आणि दुसरं टोक स्वतःच्या ट्रकच्या पुढं. पुढं जीप, मध्ये डबा, मागं ट्रक पहिल्या गिअरमध्ये डब्याला मागं ओढत. अशी आमची वरात आंबा घाट उतरली. खालनं येणाऱ्यांना वाटत होतं जीपनं डबा आणि ट्रक दोन्ही टोचन केलेत. एक मोटारसायकलवाला थांबून दस्तगीरला म्हणाला, ‘‘काका, इंजिन कंच्या कंपनीचं?’’ दस्तगीर छाती काढून म्हणाला, ‘‘घरगुती.’’

साखळी धरायला मजबूत अँगल होता म्हणून वाचलो, असं मी नंतर म्हटलं. दस्तगीर म्हणाला, अँगल नसता तर साखळी लागलीच नसती. साखरप्यापर्यंत हे भांडण चाललं. तिथं मुक्काम केला, ब्रेक गार होऊ दिले. ट्रकवाल्यानं जाताना गुळाचा खडा हातावर ठेवला आणि हौसामावशींना नमस्कार सांगा म्हणाला. मी सांगतो म्हटलं.

खाडीकाठी

घाटाखाली एक गोष्ट लगेच कळते. लोक हळू बोलतात. दस्तगीरनं एका दुकानात, ‘‘पालीचा रस्ता कुठला वो?’’ एवढंच विचारलं, तर आतली बाई दचकून बाहेर आली, भांडण लागलं की काय म्हणून. जेवायला बसलो तर माशाची आमटी आणली. तिखट आहे बरं का, असं वाढणारा बजावून गेला. ते तिखट आमच्याकडं बारशाला चालंल. भात लाल, दाणा जाड, सोबत कोकमाचं पाणी. दस्तगीर दोनदा भात घेऊन म्हणाला, ‘‘ह्या लोकास्नी राग कशानं येत आसंल?’’

मी माझा भात त्याच्या ताटात ढकलला. गाव जवळ आलेलं.

दुपार उतरायच्या वेळेला पोहोचलो. सुरेश फाट्यावर उभा होता. त्यानं जीपमध्ये बसता बसता विचारलं, ‘‘गावातल्या कुणाला वाटेत काही सांगितलं नाहीत ना?’’ मी म्हटलं, ‘‘न्हाई.’’ घर चिऱ्याचं, पुढं शेणानं सारवलेलं अंगण, पोफळीची झाडं, आणि झाडांच्या मागं खाडीचं पाणी. दस्तगीरनं डबा अंगणात घेतला. ऊन त्याच्यावर पडलं आणि आख्खं अंगण उजळलं.

इंदू बाहेर आली. वाळली होती. पण चालणं तेच, टाच आपटत. माझ्याकडं बघितलंच नाही. डब्याजवळ गेली, पत्र्यावर हात ठेवला, त्यात तोंड बघितलं. पडदे ओढलेले होते, उन्हानं रंग जाऊ नये म्हणून मीच ओढलेले. ती खिडकीशी कान लावून उभी राहिली. मग माझ्याकडं वळली आणि तोंडावर बोट ठेवलं.

‘‘झोपलीय व्हय?’’ हळू आवाजात म्हणाली. ‘‘उठवू नका दाजी. घाटानं तिला बारीकपणापास्नं मळमळतंय. पडू दे जरा.’’

दस्तगीरनं तोंड फिरवलं आणि बॉनेट उघडून आत वाकला. सुरेश माझ्याकडं बघत होता. मी पाणी मागितलं. माणसाच्या हातात काय असतंय, हे वाक्य मी आठवलं, पण तोंडात आलं नाही. इंदूनं पाणी दिलं, गूळ दिला आणि आत गेली. इकडं कोकणात भाकरी म्हणजे तांदळाची. आतनं तिचा आवाज आला, सुनेला सांगत होती, ‘‘आक्काला ही पांढरी भाकरी उतरत न्हाई. ते ज्वारीचं पीठ काढ. मी मुद्दाम आणून ठिवलंय.’’

मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. इंदू चुलीपुढं बसली होती. परातीत पीठ, तवा तापलेला. सून कोपऱ्यात कांदा चिरत होती आणि तिच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, कांद्याचं एवढं नसतं. इंदू गोळा मळत बोलत होती. आक्काच्या हातची भाकरी पातळ, माझी जाड. आज बघू कुणाची फुगतीया. पहिली तव्यावर टाकली, वरनं पाणी फिरवलं, दुसऱ्या गोळ्याला हात घातला.

मी म्हटलं, ‘‘इंदू, दोघांपुरत्याच टाक. दस्तगीर आन् मी.’’

‘‘का? ती काय उपाशी ऱ्हाणार?’’

‘‘हौसा पौषात गेली, इंदू.’’

तिनं आधी तव्यावरची भाकरी उलटली. मग विस्तवावर टाकली, ती फुगली, फिरवून दुसरी बाजू भाजली, काढून टोपल्यात ठेवली. हाताचं पीठ परातीत झाडलं. मग म्हणाली, ‘‘सुरश्या, हिकडं ये.’’

सुरेश आला. औषधाची डबी हातात घेऊनच आला.

‘‘तुला कवा कळलं?’’

‘‘आई, तू आधी ही गोळी...’’

‘‘कवा कळलं?’’

‘‘त्याच दिवशी.’’

‘‘मी संक्रांतीला पोळ्या लाटल्या,’’ इंदू म्हणाली. ‘‘तुझ्यासमोर. आक्काला तिळगूळ पाठव म्हणलं तर पाठवला म्हणालास. माझी बहीण जळून गेली आन् मी हितं तीळ भाजत बसले. सुतक न्हाई, आंघुळ न्हाई. कुणी ठरवलं ह्ये?’’

सुरेश म्हणाला, ‘‘तुझ्या जिवाला...’’

‘‘माझा जीव तुला कुणी राखायला दिला?’’

मग ती माझ्याकडं वळली. मी तयारच होतो. पण ती ओरडली नाही. विचारलं, ‘‘शेवटचं लुगडं कुणी घातलं?’’

वाचणाऱ्यांत कुणाला ठाऊक नसंल तर सांगतो. आमच्यात नवरा असताना बाई गेली तर तिला शेवटचं लुगडं माहेरचं नेसवतात. भाऊ आणतो, भाऊ नसला तर बहीण. त्याच्याबिगर तिरडी उचलत नाहीत.

मी म्हटलं, ‘‘मीच आणलं. हिरवं.’’

‘‘तुम्ही सासरचं,’’ इंदू म्हणाली. ‘‘माहेर म्हंजे मीच की. मी जित्ती असताना माझी आक्का बिनमाहेरची गेली.’’

मिस्त्री माणूस वाकलेलं सरळ करतो, तुटलेलं जोडतो. हे तसलं काम नव्हतं. इंदूचं हृदय टिकंल का, ह्या एकाच काळजीनं आम्ही सगळे बापे चोरासारखे वागलो, आणि तिचं जे होतं ते तिच्याकडनं काढून घेतलं.

ती विहिरीवर गेली आणि डोक्यावरनं आंघोळ केली. सून रहाट ओढत होती. ओल्या केसांनी तशीच डब्याकडं आली, दार उघडून आत गेली आणि कडी लावून घेतली. सुरेश घाबरून पळत आला, दार वाजवायला लागला. मी त्याचा हात धरला. म्हटलं, ‘‘पोरा, दोन म्हैने आपलं ऐकलं तिनं. आता बास.’’

मग आतनं रडणं ऐकू आलं. मोठ्यानं, घाटावरच्या बायका रडतात तसं, नावं घेऊन, एकेक आठवण ओढून काढत. शेजारच्या घरांतली माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली. दस्तगीर पोफळीला टेकून बसला होता, त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. दहाव्याला रडल्या त्या शेजारच्या बाया होत्या. हौसासाठी तिच्या माहेरचं माणूस रडताना मी पहिल्यांदा ऐकलं.

ती त्या रात्री डब्यातच झोपली. मी ओटीवर पडलो. गोळ्या तिनं घेतल्या, सुरेशनं खिडकीतनं दिल्या.

दुसऱ्या दिवशी

घाट उतरल्यावर स्प्रिंगचे बोल्ट ढिले पडतात, ते आवळावेच लागतात. उजाडल्यावर चहा घेतला, पोतं पसरलं आणि डब्याखाली शिरलो. दस्तगीर सुरेशबरोबर मासळी बघायला गेला होता. थोड्या वेळानं दार उघडल्याचा आवाज आला आणि पायरीवर इंदू येऊन बसली. मला तिचे पायच दिसत होते.

‘‘दाजी, खाली हायसा?’’

‘‘हाय.’’

ती बोलायला लागली. मला सांगत होती की स्वतःलाच, कळत नव्हतं. आक्का झाडावर चढायची आणि मला खाली राखणीला बसवायची. बाप आला की मी खोकायचं असं ठरलेलं, आणि एकदा मला खरंच खोकला झालेला. आक्का घाबरून वरनं चिखलात पडली आणि घरी मलाच मार बसला. हे मला हौसानं कधी सांगितलं नव्हतं. पुढं आणखी एक सांगितलं, तेही नवीन. मग आणखी एक.

समोर तोंड असतं तर इंदूचंच वाटलं असतं. खाली मला नुसता आवाज येत होता. दोघी बहिणींचा आवाज एकच, हे मला इतक्या वर्षांत कधी कळलं नव्हतं, कारण दोघी कायम एकाच वेळी बोलायच्या.

बोल्ट आवळून कधीच झाले होते. मी पाना हातात धरून तिथंच पडून राहिलो. ती थांबली की पाना लोखंडावर जरा वाजवायचो, म्हणजे काम चालू आहे असं तिला वाटावं.